मिशीसह स्त्रीवेष

ज्यांच्या घरी बालगंधर्वांच्या भामिनीच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्या आपल्या कुटुंबांना पुरुषाने स्त्रीवेष धारण करण्याचे नवल नाही. म्हणूनच 'क्वीन' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' या गीताची १९८४ सालची ध्वनिचित्रफीत अमेरिकेला इतकी का खटकली, हा प्रश्न आम्हांला विचारार्ह वाटतो.

डेव्हिड मॅलेट दिग्दर्शित ही चित्रफीत म्हणजे 'कोरोनेशन स्ट्रीट' या १९६०पासूनच्या कौटुंबिक मालिकेचे विडंबन. जॉन डीकन आजीबाई झालेले, रॉजर टेलर शाळकरी मुलगी, ब्रायन मे झोपेच्या झग्यात. आणि फ्रेडी मर्क्युरी आखूड चामडी स्कर्ट व केसांचा टोप घालून व्हॅक्यूम क्लीनर फिरवताहेत. ओठावरची भरघोस मिशी मात्र जशीच्या तशी! ब्रिटनमध्ये नाताळच्या प्रहसनांतून पुरुषाने थोराड बाई रंगवण्याची जुनी रीत आहे. तेथील लोक हसले आणि गीत लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. अमेरिकेत ते पंचेचाळिसाव्या क्रमांकापुढे सरकले नाही. या चित्रफितीने तेथे आपले नुकसान केले, असे मे पुढे मुलाखतींतून सांगत राहिले.

गीत डीकन यांचे. वेषांतराची कल्पना टेलर यांच्याकडून आलेली. ठपका मात्र मर्क्युरी यांच्यावर बसला. झांझिबारमध्ये जन्मलेला, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला हा पारशी मुलगा, मूळचा फारूख बलसारा. त्यांच्याविषयी लोकांच्या मनात आधीच कुजबुज होती. चित्रफितीने तिला निमित्त पुरवले. बालगंधर्वांच्या वेषात पुरुष पार लोपून जाई, आणि त्यातच कलेचे सार्थक मानले जाई. मर्क्युरींच्या मिशीने त्याला लोपू दिले नाही. आमच्या मते, लुगड्याहून (तेथे स्कर्टहून म्हणा) ही मिशीच अधिक बोचली.

जानेवारी १९८५मध्ये रिओ दि जानेरोच्या महोत्सवात याच गीतासाठी ते कृत्रिम वक्षःस्थळे लावून रंगमंचावर आले, तेव्हा प्रेक्षकांतून नाराजी उमटली. लष्करी राजवटीच्या अखेरच्या दिवसांत अनेकांनी गीताला मुक्तिगीत मानले होते, असे कारण तेव्हा सांगितले गेले. त्यांना त्यात थट्टा नको होती. हा राग आम्हांला समजू शकतो.

१९८२नंतर मर्क्युरींसह 'क्वीन'चा अमेरिकेत दौरा झाला नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी ते निवर्तले. पुढच्याच वर्षी 'वेन्स वर्ल्ड' या चित्रपटामुळे त्यांचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' तेथील यादीत दुसऱ्या क्रमांकावर चढले.