गळकी घागर आणि चार कड्या: चेतापेशीच्या समीकरणाची गोष्ट

मेंदूचं गणित म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतात ते थंडगार खोल्यांत रांगेने उभे असलेले महासंगणक. पण या शास्त्राचा पाया ज्या समीकरणांवर उभा आहे ती १९५२ साली प्रसिद्ध झाली, आणि ती सोडवली गेली हाताने दांडी फिरवायच्या एका यंत्रावर. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोन इंग्रज शास्त्रज्ञांची ही समीकरणं चेतापेशींच्या तपशीलवार संगणकीय प्रतिकृतींत आजही वापरली जातात. सत्तर वर्षांत या शास्त्रातलं बरंच काही बदललं, ही टिकली. ती का टिकली हे पाहायला गेलं तर गणिती हुशारीच्या जोडीला आणखी एक गोष्ट सापडते: आपल्या समीकरणाला काय ठाऊक नाही, याची त्या दोघांनी स्वतःच करून ठेवलेली नोंद.

वेग मोजता येतो

मज्जातंतूंचा विजेशी संबंध आहे हे अठराव्या शतकाच्या अखेरीस लुइगी गॅल्व्हानी यांच्या बेडकांच्या पायांवरच्या प्रयोगांनी दाखवलं होतं. पण वीज आहे म्हणणं वेगळं आणि तिचा हिशेब मांडणं वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भल्याभल्यांची समजूत अशी होती की मज्जातंतूतला संदेश इतक्या झटक्यात पोचतो की त्याचा वेग मोजणं माणसाला बहुधा कधीच जमणार नाही. योहानेस म्युलर हे त्या काळचे बर्लिनमधले थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्यांचंही मत असंच होतं. १८५० साली त्यांच्याच एका विद्यार्थ्याने, हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी, बेडकाच्या मज्जातंतूवर तो वेग मोजला. तो निघाला सेकंदाला साधारण २५ ते ३८ मीटर. आवाजाच्या वेगाच्या मानाने हे काहीच नाही. आजच्या एखाद्या जलद रेल्वेगाडीइतका.

या आकड्याने एक मोठं दार उघडलं. संदेशाला वेळ लागतो, म्हणजे वाटेत काहीतरी घडत असतं. आणि जे घडायला वेळ घेतं त्याचं समीकरण मांडता येऊ शकतं. नेमकं काय घडतं, याचा एक चांगला अंदाज युलियस बर्नस्टाइन यांनी १९०२ साली मांडला. पेशीभोवतीच्या पातळ पटलातून विश्रांतीच्या वेळी फक्त पोटॅशियमचे आयन ये-जा करू शकतात, म्हणून पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते. आवेग जाताना पटल क्षणभर सगळ्याच आयनांना मोकळं होतं आणि हा फरक पुसला जातो. तसं असेल तर आवेगाच्या वेळी आतलं व्होल्टेज शून्यापर्यंत यायला हवं, त्याच्या वर नाही. पण हे तपासायचं तर तंतूच्या आत तार घालायला हवी, आणि बहुतेक तंतू केसाहूनही कितीतरी बारीक.

माकुळाचा तंतू

ही अडचण सोडवली एका समुद्री प्राण्याने. आपल्या किनाऱ्यावर ज्याला माकूळ म्हणतात, त्याच्या जातकुळीतले प्राणी धोका दिसला की अंगातलं पाणी जोराने फेकून उलट्या दिशेने निसटतात. त्यासाठी शरीरभरचे स्नायू जवळजवळ एकाच वेळी आकसावे लागतात, आणि तो हुकूम झपाट्याने पोचवणारा तंतू चांगला जाड असतो: अर्धा मिलिमीटर, कधीकधी त्याहूनही जास्त. तो इतका जाड असतो की पूर्वी पाहणाऱ्यांना ती रक्तवाहिनी वाटे. तो मज्जातंतू आहे याकडे १९३६ साली प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी लक्ष वेधलं, आणि संशोधकांना जणू आयता मोठा नमुना हाती आला.

१९३९च्या ऑगस्टमध्ये हॉजकिन आणि हक्सली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत काम करत होते. हॉजकिन २५ वर्षांचे, हक्सली २१. हक्सली यांनी सुरुवातीला तंतूच्या आतला द्रव किती घट्ट आहे हे पाहण्यासाठी, तंतू उभा टांगून त्यात पाऱ्याचा थेंब सोडून पाहिला. थेंब खाली गेलाच नाही, कारण आत द्रव नव्हता, खळीसारखा घट्ट पदार्थ होता. तो प्रयोग फसला, पण टांगलेल्या तंतूत वरून बारीक काचेची नळी सरळ सोडता येईल हे लक्षात आलं. त्यांनी तशी नळी आत घातली आणि आवेगाचं व्होल्टेज प्रथमच थेट आतून टिपलं. ते शून्यावर थांबलं नाही. शून्य ओलांडून कितीतरी मिलिव्होल्ट वर गेलं. बर्नस्टाइन यांचा सिद्धान्त इथे कमी पडत होता.

का, हे शोधायला सवड मिळाली नाही. काही दिवसांतच युद्ध सुरू झालं. ऑक्टोबरात ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापून आलं, त्यात स्पष्टीकरण असं काही नव्हतं. हॉजकिन विमानांच्या रडारच्या कामाला लागले, हक्सली तोफांच्या माऱ्याच्या हिशेबाला. १९४१ साली प्लिमथवर बॉम्ब पडले, त्यात ती प्रयोगशाळाही सापडली. प्रश्न तसाच राहिला, तब्बल सहा-सात वर्षं.

गळकी घागर

युद्धानंतर हॉजकिन यांनी बर्नार्ड काट्झ यांच्याबरोबर त्याचं उत्तर शोधलं. काट्झ हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले ज्यू शास्त्रज्ञ. तंतूभोवतीच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं की आवेगाचं शिखर खाली येतं, असं दोघांना दिसलं. म्हणजे आवेगाच्या वेळी पटल सरसकट फाटत नाही. ते काही क्षण मुख्यतः सोडियमला वाट देतं. बाहेर भरपूर असलेलं सोडियम आत घुसतं आणि आतली बाजू धन होते.

आता प्रश्न होता आकड्यांचा. किती सोडियम, किती पोटॅशियम, कधी? इथे एक पेच होता. पटलाची वाट किती उघडी असेल हे व्होल्टेजवर अवलंबून. त्या वाटेने किती प्रवाह वाहील हे वाट किती उघडी यावर. आणि प्रवाह वाहिला की व्होल्टेज पुन्हा बदलणार. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, हजारांश सेकंदात पळत असताना कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

यावरची युक्ती अमेरिकेत केनेथ कोल यांच्याकडे तयार होत होती. हॉजकिन यांनी ती तिथे पाहिली आणि मग इंग्लंडमध्ये सुधारून वापरली. तिचं नाव व्होल्टेज क्लॅम्प. कल्पना घरगुती आहे. समजा घागर गळकी आहे आणि पाण्याच्या उंचीप्रमाणे गळतीही बदलते. गळती थेट मोजता येत नाही. मग आपण वरून पाणी ओतत राहायचं, असं की पातळी जराही हलू नये. आपण किती ओततो तेवढीच गळती. व्होल्टेज क्लॅम्पमध्ये इलेक्ट्रॉनिक मंडल हेच करतं: पटलावरचं व्होल्टेज ठरवलेल्या आकड्यावर रोखून धरतं, आणि त्यासाठी किती प्रवाह पुरवावा लागला हे नोंदवतं. पळणाऱ्या तीन गोष्टींतली एक जागच्या जागी बांधली की बाकीच्या मोजता येतात. १९४९च्या उन्हाळ्यात प्लिमथमध्ये काही आठवडे माकुळांवर ही मोजमापं झाली. पुढची दोनेक वर्षं त्यांचा अर्थ लावण्यात गेली.

चार कड्या

मोजमापांतून दिसलं ते असं. व्होल्टेज एकदम वाढवून रोखलं की पोटॅशियमची वाट लगेच उघडत नाही. आधी रेंगाळते, मग भरभर उघडते आणि उघडी राहते. सोडियमची वाट चटकन उघडते, पण व्होल्टेज तसंच ठेवलं तरी थोड्याच वेळात आपोआप बंद होते.

याला साजेसं गणित असं. दाराला चार कड्या आहेत आणि चारही निघाल्या तरच दार उघडतं, असं समजा. एक कडी निघालेली असण्याची शक्यता ‘एन’ मानली तर दार उघडं असण्याची शक्यता एनचा चौथा घात. प्रत्येक कडी निघण्याची शक्यता निम्मी असली तरी दार उघडं असण्याची शक्यता सोळात एक. म्हणूनच सुरुवातीचं रेंगाळणं आणि मग भराभर उघडणं. सोडियमसाठी तीन झटपट निघणाऱ्या कड्या, आणि एक निराळी, जी व्होल्टेज वाढलं की सावकाश लागते. कड्या किती वेगाने निघतात आणि लागतात हे कुठल्या व्होल्टेजला किती, याची सूत्रं मोजमापांशी जुळवून घेतली. एकूण चार विकलक समीकरणं तयार झाली: एक व्होल्टेजचं, तीन कड्यांची.

खरी कसोटी पुढे होती. ही सगळी मोजमापं रोखलेल्या व्होल्टेजची होती. त्यांत कुठेही धावणारा आवेग नव्हता. समीकरणं जर खरी असतील तर व्होल्टेज मोकळं सोडल्यावर आवेग त्यांच्यातून आपोआप निघायला हवा, आणि त्याचा वेगही.

दांडी

ही समीकरणं कागदावर सूत्र मांडून सुटणारी नव्हती. काळाचे बारीक तुकडे पाडून, एकेक पायरी मोजत पुढे जावं लागणार होतं. त्यासाठी केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक १९४९ साली सुरू झालेला होता. पण १९५१च्या सुरुवातीला कळलं की बदल करण्यासाठी तो सहा महिने बंद राहणार. हक्सली थांबले नाहीत. त्यांनी ब्रन्सविगा हे दांडी फिरवायचं गणनयंत्र घेतलं आणि हिशेब सुरू केला.

इथे इतिहासात एक गंमत दडलेली आहे. १९४३ साली अमेरिकेत वॉरन मॅककुलक आणि वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशीचं अगदी वेगळं गणित मांडलं होतं. त्यात ना सोडियम, ना मिलिव्होल्ट. पेशी म्हणजे फक्त होय किंवा नाही म्हणणारा तर्काचा एक घटक. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाचा जो प्रसिद्ध आराखडा लिहिला त्यात त्यांनी हीच कागदी चेतापेशी वापरली. आणि मॉरिस विल्क्स यांनी एडसॅक उभारला तो हा आराखडा वाचून. म्हणजे तर्कातल्या चेतापेशीची छाप असलेलं यंत्र बंद पडलं होतं, आणि मांसाच्या चेतापेशीचा हिशेब हाताने चालला होता.

धावत्या आवेगाचं गणित सगळ्यांत किचकट. त्याचा वेग आधी गृहीत धरायचा आणि पायरीपायरीने मोजत जायचं. अंदाज चुकला तर व्होल्टेज भरकटून वर किंवा खाली अनंताकडे निघून जाई. मग वेग किंचित बदलून पुन्हा सुरुवात. असा एक आवेग काढायला सुमारे तीन आठवडे लागले. उत्तर आलं सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूत मोजलेला वेग होता २१.२. वेगाचा एकही आकडा समीकरणात न घालता इतकं जवळ पोचणं ही जीवशास्त्रात नवी गोष्ट होती. आवेगाचा आकार, त्यानंतरचा काही काळ पेशीने दुसऱ्या उत्तेजनाला दाद न देणं, हेही त्याच समीकरणांतून निघालं.

न केलेला दावा

१९५२च्या त्या शेवटच्या लेखात, एवढं यश हाती असताना, लेखकांनी वाचकाला सावध केलं: आकडे जुळतात म्हणून पटलात खरोखर असंच घडतं असं समजू नका, ही वर्णनाची समीकरणं आहेत. पोटॅशियमसाठी चौथ्याऐवजी पाचवा किंवा सहावा घात घेतला असता तर आलेख आणखी जुळला असता, पण तेवढ्यासाठी गुंतागुंत वाढवणं परवडण्यासारखं नाही, हेही त्यांनी उघड सांगितलं. प्रयोगांआधी त्यांच्या मनात वेगळंच चित्र होतं: सोडियमला पटलातून वाहून नेणारे वाहक रेणू. मोजमापांनी ते मोडलं तेव्हा त्यांनी दुसरं आवडतं चित्र त्या जागी दडपून बसवलं नाही.

दोघांना १९६३ साली जॉन एकल्स यांच्यासह नोबेल मिळालं. ‘दारं’ खरीच असतात हे कळायला आणखी काळ गेला. १९७६ साली एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांनी पटलातल्या एकेका वाटेचं उघडणं-मिटणं वेगळं टिपलं. १९९८ साली रॉडरिक मॅककिनन यांच्या गटाने पोटॅशियमच्या एका वाटेची अणुरचना दाखवली: मधल्या छिद्राभोवती चार सारखे भाग. चौथा घात आठवावा असंच ते चित्र आहे. पण सोडियमची वाटही चौपदरीच निघाली, तीन अधिक एक अशा सुबक कड्या तिथे नाहीत. अंदाज काही अंशी बरोबर होता, काही अंशी सोयीचा. त्यांनी सावधगिरी ठेवली ती योग्यच होती.

आता यंत्र आहे

पुढे संगणक आले आणि वाढत गेले. १९६० साली लंडनमध्ये डेनिस नोबल यांनी हीच पद्धत हृदयाच्या पेशींना लावली. संगणक मिळायचा रात्री दोन ते चार. आज तेवढा हिशेब खिशातला फोन क्षणात करतो. साहजिकच महत्त्वाकांक्षाही वाढली. २००९ साली हेन्री मार्कराम यांनी दहा वर्षांत मानवी मेंदूची संगणकीय प्रतिकृती शक्य असल्याचं जाहीरपणे म्हटलं, आणि २०१३ साली युरोपने सुमारे शंभर कोटी युरोंचा मानवी मेंदू प्रकल्प सुरू केला. वर्षभरातच शेकडो शास्त्रज्ञांनी त्याच्या दिशेवर आक्षेप घेणारं पत्र काढलं. प्रकल्प २०२३ साली संपला. मेंदूचे उत्तम नकाशे आणि साधनं देऊन गेला, पण मेंदूची प्रतिकृती त्यात नव्हती.

सीनोऱ्हाब्डायटिस एलेगन्स या मिलिमीटरभर अळीत फक्त ३०२ चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. मानवी मेंदूत अशा पेशी सुमारे ८,६०० कोटी. तरी त्या ३०२ पेशींच्या नकाशावरूनही अळी पुढच्या क्षणी काय करेल हे पूर्णपणे सांगता येत नाही. कुठली पेशी कुणाला जोडलेली आहे हे नकाशा सांगतो. प्रत्येक जोडणी किती जोराची, तिच्या दाराला किती कड्या आणि त्या किती वेळात निघतात, हे त्यात नसतं. हक्सली यांच्याकडे संगणक नव्हता, पण हे आकडे होते, कारण आधीच्या उन्हाळ्यात कुणीतरी एकाच तंतूची गळती धीराने मोजली होती. आपल्याकडे आज संगणक आहेत. बहुतेक पेशींच्या बाबतीत ते मोजणं अजून व्हायचं आहे.