गोरे, नारायण गणेश

(१५ जून १९०७ – १ मे १९९३). समाजवादी नेते, संसदपटू, मराठी लेखक व ब्रिटनमधील भारताचे उच्चायुक्त. नानासाहेब या नावाने परिचित. जन्म हिंदळे (ता. देवगड) येथे. पुण्यात बी. ए., एल्‌एल्. बी. झाले. पुण्याच्या पर्वती मंदिरप्रवेश सत्याग्रहात (१९२९) ते सहभागी होते. सविनय कायदेभंग व १९४२ चा लढा या दोन्ही वेळी त्यांनी इंग्रजांचा तुरुंगवास भोगला.

पक्षकार्य : १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षात ते आरंभापासून होते. १९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसबाहेर पडले, १९५२ मध्ये प्रजा समाजवादी पक्ष उभा राहिला. या पक्षाची संघटना बांधण्यात गोरे यांचा वाटा मोठा. पुढे ते त्याचे अध्यक्ष झाले. १८ मे १९५५ रोजी सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले. पोर्तुगीज न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ मध्ये सुटका झाली. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्याने पुण्यातून ते लोकसभेवर गेले. नंतर ते पुण्याचे महापौर (१९६७-६८) व राज्यसभा सदस्य (१९७०–७६) होते.

राजनैतिक कार्य : १९७७ मध्ये समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला आणि मोरारजी देसाई सरकारने गोरे यांना लंडनला पाठवले. ज्या राजवटीने त्यांना कैदेत टाकले, तिच्याच राजधानीत ते स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी झाले. गोरे यांचे बहुतेक आयुष्य विरोधी बाकांवर, सत्याग्रहांत व तुरुंगांत गेले. त्यांच्या कारकिर्दीत (१९७७–७९) वंशद्वेष व स्थलांतराचे जाचक नियम हे ब्रिटनमधील भारतीयांपुढचे कळीचे प्रश्न होते. हीथ्रो विमानतळावर भारतीय स्त्रीच्या अवमानकारक तपासणीचे प्रकरण १९७९ मध्ये उघडकीस आले, तेव्हा भारताने तीव्र निषेध नोंदवला.

लेखन : कारागृहाच्या भिंती, सीतेचे पोहे, डाली, शंख आणि शिंपले ही पुस्तके, नेहरूंच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद. लंडनहून परतल्यावर साधना साप्ताहिकाचे संपादन करून त्यांनी समाजवादी विचाराची पत्रकारिता पुढे चालवली.