‘ब्लॅक हॉक डाऊन’ पुन्हा पाहताना

परवा रिडले स्कॉटचा ‘ब्लॅक हॉक डाऊन’ पुन्हा पाहिला. २००१ साली तो आला तेव्हा मी विद्यार्थी होतो. हेलिकॉप्टर आणि गोळीबार यांतच रमलो होतो. या वेळी सुटलेलं जास्त दिसलं.

३ ऑक्टोबर १९९३. सोमालियाची राजधानी मोगादिशू. मोहम्मद फराह ऐदीदचे साथीदार पकडायला अमेरिकी सैनिक गेले. दोन हेलिकॉप्टरं पडली, सैनिक रात्रभर अडकले. त्यांना सोडवायला निघालेल्या ताफ्यात अमेरिकी सैनिकांसोबत मलेशियाच्या चिलखती गाड्या आणि पाकिस्तानचे रणगाडे होते. मलेशियाचा जवान मॅट अझनान अवांग त्यात मारला गेला. पाकिस्तानने तर आधीच, ५ जूनच्या हल्ल्यात, २४ शांतिसैनिक गमावले होते.

चित्रपटात हे वाचवणारे ओझरते येतात. शेकडो सोमाली मेले, त्यात बायकामुलंही होती. पडद्यावर मात्र ती केवळ गर्दी.

त्या रात्री लढणारे, मरणारे आणि वाचवणारे, तिन्हींत मुसलमान होते. लक्षात राहिला तो फक्त बंदूकवाला. माझे विद्यार्थी आज हाच चित्रपट मोबाईलवर पाहतात. उरलेल्या दोघांची गोष्ट त्यांना आपणच सांगायला हवी.