धूळपाटी ते गुगल फॉर्म : गुणांविना मूल्यमापन

पेशवाईअखेरच्या पंतोजींच्या शाळेत गुणपत्रक नव्हते. विद्यार्थी धूळपाटीवर अक्षर गिरवी. चुकल्यास पंतोजी वा वरचा विद्यार्थी तेथल्या तेथे दुरुस्त करी आणि चूक हाताने पुसली जाई. पावकी-निमकीची उजळणीही मोठ्याने, सर्वांसमक्ष होई. (छडीही तितकीच तत्पर होती, शिवाय मुलींना व अनेक जातींना त्या ओसरीवर जागा नव्हती.) वुडचा खलिता (१८५४), मुंबई विद्यापीठाची स्थापना (१८५७) व पुढे निकालावर आधारित अनुदान यांमुळे परीक्षेला महत्त्व आले आणि चुकीची नोंद कायम राहू लागली.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा इतिहास प्रस्तुत ठरतो. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन प्रश्नमंजूषा रूढ झाल्या. गुगल फॉर्म उत्तर पाठवताच चूक दाखवू शकतो; धूळपाटीचे काम याहून निराळे नव्हते. मात्र त्यास अंतर्गत गुण जोडले की विद्यार्थी चूक समजून घेण्याऐवजी मित्राकडून उत्तर मिळवतो. भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात, जेथे मोबाइलला रेंज मिळणे कठीण, तेथे तर असे गुण अभ्यासापेक्षा रेंजलाच दिले जातात. तेथील विद्यार्थ्यांना तीच प्रश्नमंजूषा कागदावर, मागील पानावर उत्तरे छापून देता येते.