डार्विनची फेरी

मंडळी, डार्विन म्हटलं की पांढरी दाढी आणि माकडापासून माणूस, एवढंच आपल्याला आठवतं. पण या माणसाने एक धास्ती कित्येक वर्षं पोटात ठेवली होती.

नैसर्गिक निवडीची कल्पना त्याला १८३८ मध्येच सुचली. १८४४ मध्ये सुमारे २३० पानांचा निबंध तयार होता. छापला मात्र नाही! एमाला, म्हणजे बायकोला, पत्र लिहून ठेवलं: मी अचानक गेलो तर ४०० पौंड खर्चून हे छापून घे. हूकर या मित्राला तर त्याने कळवलं, की हे सांगणं म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखं वाटतंय. शिवाय उलट्या, धडधड, पाहुणे येऊन गेले की थरथर. या आजारामागे धास्तीही होती, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

मग गडी काय करायचा? १८४९ ते १८५५ रोज तब्येतीची नोंद. आपल्या भाषेत लॉग! घरामागच्या सँडवॉक या पायवाटेवर रोज ठरलेल्या फेऱ्या. एमा कादंबऱ्या वाचून दाखवायची. रात्री दोघांचं बॅकगॅमन. १८७६ च्या हिशोबात एमाने २४९० डाव जिंकले होते, त्याने २७९५.

एवढं करून आजार गेला का? नाही. नोव्हेंबर १८५९ मध्ये पुस्तक बाहेर पडलं, तेव्हाही स्वारी इल्कलीला जलोपचार घेत होती. पण काम झालं.

आपण 'कसा आहेस?'ला 'मजेत' म्हणून मोकळे होतो. त्याच्याकडे निदान एक हूकर होता, एक एमा होती. आपला हूकर कोण, ते या वीकेंडला बघा. आणि त्याला फोन करा.