अस्थिपुटी, मुलांमधील : अल्पछेद उपचार

वाढत्या वयात हाडाच्या आत द्रवाने भरलेली पोकळी तयार होते, तिला साधी अस्थिपुटी म्हणतात. ती कर्करोगाची गाठ नव्हे. हे पालकांना सर्वांत आधी सांगायला हवे. बहुतेक रुग्ण 5 ते 15 वर्षांचे असतात आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण जास्त. दंडाच्या हाडाचा खांद्याकडचा भाग आणि मांडीच्या हाडाचा खुब्याकडचा भाग या तिच्या नेहमीच्या जागा. दुखत नसल्याने ती लक्षात येत नाही. मूल खेळताना साधेसे पडते, हात मोडतो आणि क्ष-किरण चित्रात पातळ झालेले हाड दिसते. कधी हाडाचा कपचा द्रवातून खाली बुडालेला दिसतो. ही खूण जवळजवळ निर्णायक असते.

पूर्वी हाड उघडून पुटी खरवडत व त्यात हाडाचा चुरा भरत. इटलीतील स्कॅग्लिएट्टी यांनी 1970 च्या दशकात सुईने स्टेरॉइड सोडण्याची पद्धत रूढ केली. आता भूल देऊन, क्ष-किरण पडद्यावर पाहत, जेमतेम सेंटीमीटरभर छेदातून जाड सुई आत नेतात. गवती पिवळा, पातळ द्रव बाहेर येतो. मग अस्तर खरवडतात, मज्जापोकळीचा मार्ग मोकळा करतात आणि कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्या भरतात. काही वेळा लवचीक टायटॅनियम सळ्या घालतात. त्या हाडाला आधार देतात.

पुटी वृद्धिपट्टाला, म्हणजे हाड जिथून लांबीने वाढते त्या पट्ट्याला, चिकटलेली असल्यास फार जपावे लागते, कारण तिथे इजा झाल्यास हाताची लांबी खुंटू शकते. पुटी पुन्हा होऊ शकते, विशेषतः लहान मुलांत. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून तपासणी करतात.