टेक्नो संगीतात यूएफओ, रोबोट आणि एलियन आले कुठून? डेट्रॉइट, मुंबई आणि गोव्याची गोष्ट

यवतमाळचा दुर्गोत्सव ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. मिरवणूक निघाली की रस्त्यावर पोरांची गर्दी, ट्रॉलीवर रचलेली साउंडची भिंत आणि वर फिरणाऱ्या शार्पी लाइट. गाणं सुरू होण्याआधी बऱ्याचदा 'साउंड चेक'चा एक तुकडा वाजतो. आधी सायरन, मग रोबोटसारखा घोगरा आवाज, त्यानंतर इंग्रजीतून उलटी मोजणी आणि शेवटी छातीत धडकी भरवणारा दणका.

आता जरा विचार करा. देवीच्या मिरवणुकीत रॉकेट उडवतानाची उलटी मोजणी आणि रोबोटचा आवाज कशासाठी?

उलटी मोजणी आधी घेऊ. रॉकेट सोडताना उलटे आकडे मोजायची कल्पना लोकप्रिय झाली ती एका सिनेमामुळे. १९२९ साली जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांनी चंद्रावरच्या प्रवासावर एक मूकपट काढला होता. प्रेक्षकांची उत्कंठा वाढावी म्हणून त्यात उड्डाणाआधी उलटी मोजणी दाखवली. खरी रॉकेटं अंतराळात गेली त्यानंतर कित्येक वर्षांनी.

रोबोटचा आवाज, यंत्राचा ठेका आणि अंतराळातले वाटणारे सूर मात्र टेक्नो नावाच्या संगीतातून जगभर पसरले. आणि या संगीताच्या जन्मातच विज्ञानकथा आहे.

टेक्नो म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की डोळ्यांसमोर माणूस येत नाही, स्पीकरची भिंत येते. आणि त्यावर जे काही धडधडतं त्या सगळ्याला सरसकट 'टेक्नो' म्हणून मोकळं होतात. पण टेक्नो हा वेगळा प्रकार आहे.

यात चार मात्रांचा सरळ ठेका असतो आणि प्रत्येक मात्रेवर किक ड्रम पडतो. वेग साधारणपणे मिनिटाला १२० ते १४० ठोके. गायन कमी किंवा नाहीच. एखादी छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि दर फेरीत जराशी बदलत जाते. सगळे आवाज सिंथेसायझर आणि ड्रम मशीनमधून आलेले. महत्त्वाचं म्हणजे हे यंत्र खऱ्या तबल्याची किंवा गिटारची नक्कल करायच्या भानगडीत पडत नाही. आपण यंत्र आहोत, हे ते उघडपणे सांगतं.

एक पुस्तक आणि एक ओसाड होत चाललेलं शहर

टेक्नोचा जन्म झाला अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये. फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर या मोटार कंपन्यांचं हे शहर. १९५० साली तिथली लोकसंख्या साधारण साडेअठरा लाख होती. १९८० पर्यंत ती १२ लाखांवर आली आणि २०१० मध्ये सव्वासात लाखांच्या आत. १९६७ साली मोठी दंगल झाली, ४३ माणसं मेली. गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, कारखाने एकेक करून हलले आणि जे उरले त्यांत रोबोट आले. मागे राहिली ती बहुतांश कृष्णवर्णीय वस्ती.

याच काळात हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तीन कृष्णवर्णीय तरुण डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल गावात एकाच शाळेत शिकत होते. अॅटकिन्स यांच्या हाती आल्विन टॉफलर या लेखकाची पुस्तकं पडली. टॉफलर यांचं 'फ्युचर शॉक' १९७० साली आलं आणि 'द थर्ड वेव्ह' १९८० साली. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: मानवी इतिहासात पहिली लाट शेतीची आली, दुसरी कारखान्यांची आणि आता तिसरी लाट माहिती आणि संगणकांची येतेय. या लाटेत तंत्रज्ञानाला मुकाट्याने शरण न जाता, ते आपल्या कलाने वापरू पाहणारे लोकही असतील. अशांना टॉफलर यांनी 'टेक्नो रेबेल्स' म्हटलं होतं. अॅटकिन्स यांनी 'टेक्नो' हा शब्द उचलला तो इथून.

टॉफलर यांनी कागदावर मांडलेला बदल ही मुलं खिडकीतून बघत होती. बापाची पिढी ज्या कारखान्यात राबली, तिथं आता यंत्रं काम करत होती. या मुलांनी त्याच जातीची यंत्रं हातात घेतली आणि त्यातून संगीत काढलं.

अॅटकिन्स यांनी रिक डेव्हिस या व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकासोबत 'सायबोट्रॉन' हा गट काढला. 'सायबॉर्ग' आणि 'सायक्लोट्रॉन' हे दोन शब्द जोडून बनवलेलं हे नाव. १९८४ साली या गटाचं 'टेक्नो सिटी' आलं. पुढच्याच वर्षी अॅटकिन्स यांनी 'मॉडेल ५००' या नावानं, 'मेट्रोप्लेक्स' या स्वतःच्या लेबलवर 'नो यूएफओज' काढलं. माणसाच्या नावाऐवजी यंत्राचा मॉडेल नंबर आणि विषय उडत्या तबकड्या! १९८८ साली ब्रिटनमध्ये डेट्रॉइटच्या कलाकारांचा एक संग्रह निघाला, त्याच्या नावात 'टेक्नो' हा शब्द होता आणि तेव्हापासून तो जगभर रूढ झाला.

त्यांच्यावर प्रभाव कुणाचा होता?

एकीकडे जर्मनीचा 'क्राफ्टवर्क' हा गट. १९७८ सालच्या 'द मॅन-मशीन' अल्बममध्ये त्यांनी स्वतःला रोबोट म्हणून सादर केलं. त्याच अल्बममध्ये 'मेट्रोपोलिस' नावाची रचना आहे. 'मेट्रोपोलिस' हा १९२७ सालचा सिनेमा, तोही उलटी मोजणीवाल्या फ्रिट्झ लांग यांचाच. त्यातल्या शहरात श्रीमंत उंच इमारतींत राहतात आणि कामगार जमिनीखाली यंत्रांना जुंपलेले असतात. डेट्रॉइटच्या मुलांना हे शहर परकं वाटण्याचं कारणच नव्हतं. पुढे २००० साली डेट्रॉइटच्याच जेफ मिल्स यांनी या मूकपटाला नवं टेक्नो पार्श्वसंगीत दिलं.

दुसरीकडे होते कृष्णवर्णीय फंक संगीतकार जॉर्ज क्लिंटन. त्यांच्या 'पार्लमेंट' गटाचा १९७५ सालचा अल्बम 'मदरशिप कनेक्शन' अंतराळयानातून पृथ्वीवर उतरणाऱ्या कृष्णवर्णीयांची कल्पना करतो. तोपर्यंतच्या अमेरिकी विज्ञानपटांत भविष्यातली माणसं बहुतेक गोरीच दिसायची. क्लिंटन यांनी ते चित्रच पालटलं.

या दोन्ही टोकांना एकत्र आणलं रेडिओनं. 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाचा एक रेडिओ जॉकी डेट्रॉइटमध्ये रात्रीचा कार्यक्रम करायचा. त्याची सुरुवात अंतराळयान उतरल्याच्या आवाजांनी व्हायची आणि मग क्राफ्टवर्क आणि क्लिंटन एकाच कार्यक्रमात वाजायचे.

परग्रह हे नुसतं पळून जाण्याचं ठिकाण नव्हतं

इथं एक गोष्ट समजून घेणं गरजेचं आहे. यूएफओ आणि एलियन ही फक्त गंमत नव्हती.

'ड्रेक्सिया' या डेट्रॉइटच्या जोडीचं उदाहरण बघा. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड हे दोघं त्यात होते. १९९७ सालच्या 'द क्वेस्ट' या संग्रहासोबत छापलेल्या मजकुरात त्यांनी एक कथा मांडली. गुलामांच्या जहाजांवरून आजारी आणि गर्भवती आफ्रिकन स्त्रियांना समुद्रात फेकून दिलं जायचं. त्यांची बाळं पाण्याखाली श्वास घ्यायला शिकली असतील तर? तर अटलांटिकच्या तळाशी आज त्यांचं स्वतःचं प्रगत राष्ट्र असेल. 'ड्रेक्सिया' हे त्या काल्पनिक राष्ट्राचं नाव.

ज्यांचा इतिहास पुसला गेला, ते लोक विज्ञानकथेतून स्वतःचं भविष्य लिहितात. या विचाराला १९९० च्या दशकात 'आफ्रोफ्युचरिझम' असं नाव मिळालं. महाराष्ट्राला हा धागा अनोळखी वाटू नये. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीकडे पाहून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्याला ठाऊक आहे. आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांचे डीजे रिमिक्स वाजतात, तेव्हा जुन्या शाहिरीचे शब्द आणि यंत्राचा ठेका एकाच स्पीकरमधून बाहेर पडत असतात.

मग भारत यात कुठे होता?

अनेकांना वाटतं तितका मागे नव्हता.

१९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत म्हणजे 'एनआयडी'त इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा करून दिला. यामागे साराभाई कुटुंब होतं. गीता साराभाई यांनी तिथं स्वतः प्रयोग केले आणि त्यांचे भाऊ विक्रम साराभाई यांच्या पुढाकारानं त्याच वर्षी इस्रोची स्थापना झाली. स्टुडिओतल्या ध्वनिफिती कित्येक दशकं पडून होत्या. २०२३ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात जिनराज जोशीपुरा यांची 'स्पेस लायनर २००१' ही रचना निघाली. म्हणजे विज्ञानकथेच्या नावाचं इलेक्ट्रॉनिक संगीत आपल्याकडे सायबोट्रॉनच्या जवळपास दहा वर्षं आधी बनत होतं.

दुसरी गोष्ट मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी तीन यंत्रं जोडली: टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ बेस सिंथेसायझर आणि ज्युपिटर-८. डिस्कोचा ठेका धरून त्यांनी यमन, मालकंस, तोडी, भूपाली असे दहा राग वाजवले. रेकॉर्ड निघाली आणि फारशी कुणी घेतली नाही.

पुढे १९८७ साली शिकागोतल्या 'फ्युचर' या गटानं त्याच टीबी-३०३ मधून 'अॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि 'अॅसिड हाउस' ही शैली जन्माला आली. २०१० मध्ये एका डच संग्राहकानं सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा लोक चक्रावले. दोन्हींचा आवाज कमालीचा सारखा होता.

याचं कारण यंत्रात आहे. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय आहे, तिला 'स्लाइड' म्हणतात. ऐकायला ती आपल्या मींडेच्या जवळ जाते. शिवाय रागाला कॉर्ड बदलत राहण्याची गरज नसते. खाली एक सूर धरून वर स्वरांची बढत करता येते. टेक्नोही नेमका असाच चालतो.

म्हणजे अॅसिड हाउस मुंबईत जन्मलं?

नाही. सोशल मीडियावर असा दावा फिरतो, पण शिकागोच्या मुलांनी सिंग यांची रेकॉर्ड ऐकली होती याचा पुरावा नाही. एकच यंत्र दोन टोकांच्या लोकांच्या हातात पडलं आणि दोघांनी त्यातून जवळचा आवाज काढला, एवढंच म्हणता येतं. त्यामुळे सिंग यांचं काम लहान ठरत नाही. उतारवयात त्यांनी युरोपात या रागांचे कार्यक्रम केले. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

हणजुणेच्या किनाऱ्यावर उतरलेले एलियन

तिसरं ठिकाण गोवा. हणजुणे म्हणजे आजचं 'अंजुना' आणि शेजारचं वागातोर. सत्तरच्या दशकात हिप्पी इथं आले, तेव्हा रॉक वाजायचं. ऐंशीच्या दशकात युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत आलं. उन्हात आणि धुळीत रेकॉर्डचा टिकाव लागत नसे, म्हणून इथले डीजे कॅसेटवर आणि नंतर डॅट टेपवर वाजवत. गाण्यातले शब्द काढून फक्त वाद्यांचा भाग लांबवायचा, ही इथली खासियत. यातूनच नव्वदच्या दशकात 'गोवा ट्रान्स' नावारूपाला आलं.

यात विज्ञानकथा अगदी उघडपणे शिरली. सिनेमांतले अंतराळवीरांचे संवाद तुकडे करून ठेक्यात पेरले जात. पार्टीच्या जागी अंधारात चमकणाऱ्या रंगांत ग्रह, एलियन आणि शेजारी शिव किंवा गणपती. पुढे याच शैलीतून आलेल्या 'जुनो रिअॅक्टर' गटानं २००३ सालच्या 'द मॅट्रिक्स रिलोडेड' सिनेमाच्या संगीतात काम केलं. विज्ञानपटातून संगीतात आलेली वाट पुन्हा विज्ञानपटाकडे वळली.

मराठीत विज्ञानकथा होतीच की!

होतीच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतलं होतं. त्याच वर्षी तिकडे क्राफ्टवर्कचा 'ऑटोबान' अल्बम आला. आपल्या विज्ञानकथेनं पुस्तकं आणि मासिकांत घर केलं, तिकडची विज्ञानकथा नाचायच्या जागेपर्यंत पोहोचली.

आज हे सगळं कुणाच्या हातात आहे?

डेट्रॉइटच्या मुलांना टेक्नो करता आलं, त्यात स्वस्त यंत्रांचा मोठा वाटा होता. टीआर-८०८ आणि टीबी-३०३ बाजारात पडली, उत्पादन बंद झालं आणि ती जुन्या बाजारात कमी पैशांत मिळू लागली. आज तेच काम लॅपटॉप आणि एफएल स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर करतं. स्टुडिओ लागत नाही, मुंबई गाठावी लागत नाही. दिग्रस-पुसद पट्ट्यातल्या बंजारा गाण्यांचे किंवा पांढरकवड्याकडच्या ढेमसा नाचाच्या ठेक्याचे रिमिक्स यूट्यूबवर येतात, ते याच वाटेनं.

यवतमाळ जिल्ह्याचं नाव बातम्यांत येतं ते बहुतेक वेळा कापूस आणि शेतकरी आत्महत्यांमुळे. इथल्या पोरांच्या भविष्याबद्दल बोलणारे सगळे बाहेरचे असतात. डेट्रॉइटबद्दलही असंच बोललं जायचं. तिथल्या तिघांनी आपलं भविष्य कसं वाजेल, हे स्वतःच ठरवलं.

त्यामुळे पुढच्या वेळी मिरवणुकीत सायरन वाजला आणि उलटी मोजणी सुरू झाली की लक्षात ठेवा, हा आवाज बर्लिनचा स्टुडिओ, डेट्रॉइटचे बंद कारखाने आणि हणजुणेचा किनारा फिरून इथवर आलाय. बाकी, रात्री १० नंतर खुल्या जागेत लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, हा २००० सालचा नियम एलियननाही लागू आहे.